एकखांबी तंबू : मरिनो, एल्वे आणि धावण्याचा खेळ

एकच संघ, एकच प्रशिक्षक, दोन अंतिम सामने. दोहोंमध्ये अकरा वर्षांचे अंतर.

१३ जानेवारी १९७४ रोजी ह्यूस्टन येथे मायामी डॉल्फिन्सच्या क्वार्टरबॅकने संपूर्ण सामन्यात अवघ्या ७ वेळा चेंडू फेकला. मायामीने तो सुपर बोल २४-७ असा जिंकला. २० जानेवारी १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे त्याच मायामीच्या क्वार्टरबॅकने ५० वेळा चेंडू फेकला. मायामी ३८-१६ अशी हरली. दोन्ही वेळा मैदानाच्या कडेला डॉन शुला हाच प्रशिक्षक उभा होता. आणि या दोन क्वार्टरबॅकांपैकी दुसरा अधिक प्रतिभावान होता, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही.

आजचा धागा या विरोधाभासाविषयी आहे. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

अमेरिकन फुटबॉलचा इतिहास बहुधा क्वार्टरबॅकांच्या चरित्रांची माळ म्हणून सांगितला जातो. राज्यांचा इतिहास राजांच्या वंशावळीतून सांगण्याची जुनी खोड आपल्यालाही परिचित आहेच. माझे म्हणणे असे की ही मांडणी अपुरी तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारी आहे. असामान्य क्वार्टरबॅक लाभणे हे संघाचे भाग्य. पण त्या भाग्याच्या छायेत बाकीची कामे करण्याची सवय सुटते. मग ज्या दिवशी प्रतिस्पर्ध्याला त्या एका माणसाला रोखण्याची युक्ती सापडते, त्या दिवशी एकखांबी तंबू खाली येतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चार डाउनांत १० यार्ड सरकले की पुन्हा नवे चार. प्रत्येक डाउनच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. चेंडू दूरच्या सहकाऱ्याकडे फेकायचा, हा पास; किंवा जवळच्या रनिंग बॅकच्या पोटाशी चेंडू द्यायचा आणि त्याने तो घेऊन गर्दीत शिरायचे, हा रनिंग गेम. दोन्ही वेळा पुढे पाच धिप्पाड माणसांची फळी असते, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. मधला सेंटर सोडला तर ही माणसे सहसा चेंडूला हात लावत नाहीत, म्हणून त्यांच्या नावे आकडे नसतात. आणि आकडे नसतात म्हणून इतिहासात ती नसतात. या शेवटच्या वाक्याकडे लक्ष असू द्यावे.

मुळात हा खेळ धावण्याचाच होता. पुढच्या दिशेने चेंडू फेकणे नियमबाह्य होते. माणसांचे थवे एकमेकांवर आदळत, आणि १९०५ च्या मोसमात अनेक तरुण खेळाडू मैदानावर प्राणाला मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, फॉरवर्ड पासला मान्यता मिळाली. म्हणजे पासचा जन्म खेळ सुंदर व्हावा म्हणून झालेला नाही. खेळ बंद पडू नये म्हणून झाला. आरंभी त्यावर इतके निर्बंध होते की चुकलेल्या पासची शिक्षा चेंडू गमावण्यापर्यंत जाई. सावध प्रशिक्षक पासपासून दूरच राहत.

दुसरा मोठा वळणबिंदू १९७८. त्या वर्षी नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, दोन नियम बदलले. पास झेलायला धावणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपलीकडे बचावपटूने धक्के देऊ नयेत, हा एक. आणि पासच्या वेळी पुढच्या फळीतील खेळाडूंना हात पसरून, पंजे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला थोपवता यावे, हा दुसरा. परिणाम तत्काळ दिसला. सॅन डिएगोच्या डॅन फाउट्सने १९७९, १९८० आणि १९८१ अशा सलग तीन मोसमांत पासच्या यार्डांचा विक्रम मोडला. शेवटची दोन वर्षे तर तो स्वतःचाच विक्रम मोडत होता. क्वार्टरबॅक हा संघाचा कारभारी होता, तो आता सरसेनापती झाला.

शुला यांची कारकीर्द या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे, म्हणून ती अभ्यासण्यासारखी.

१९७२ चा मायामी संघ त्या मोसमात एकही सामना हरला नाही: १७ खेळले, १७ जिंकले. एनएफएलच्या इतिहासात सुपर बोलसह संपूर्ण अपराजित मोसम पार पाडणारा तो आजवरचा एकमेव संघ. त्याचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी हा सामान्य खेळाडू नव्हता. पुढे तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. परंतु त्या मोसमाच्या पाचव्याच सामन्यात ग्रीसीचा पाय मोडला. त्याच्या जागी अर्ल मोरॉल आला, वय ३८. कोणत्याही एकखांबी संघाचा मोसम तिथेच संपला असता. मायामी मात्र जिंकतच राहिली, कारण तिची घडी लॅरी झॉन्का आणि मर्क्युरी मॉरिस या दोन धावपटूंभोवती आणि त्यांच्यापुढच्या फळीभोवती बसलेली होती. एकाच मोसमात एकाच संघाच्या दोन खेळाडूंनी प्रत्येकी हजार यार्ड धावण्याची ती लीगमधील पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी, सात पासांच्या त्या सुपर बोलमध्ये, एकट्या झॉन्काने ३३ वेळा चेंडू घेऊन १४५ यार्ड काढले. त्याआधीच्या उपांत्य लढतीत ग्रीसीने तर ६ पासच टाकले होते.

आता १९८४. मायामीकडे डॅन मरिनो आहे, कारकिर्दीचे दुसरेच वर्ष. त्या मोसमात त्याने ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास अशी नोंद केली. त्याआधीचा टचडाउनचा विक्रम ३६ चा होता. हे जुना विक्रम मोडणे नव्हे, तो मोडीत काढणे होय. यार्डांचा त्याचा आकडा पुढे २०११ पर्यंत टिकला. चेंडू हातातून सुटायला त्याला इतका कमी वेळ लागे की संपूर्ण नियमित मोसमात प्रतिस्पर्ध्यांना त्याला पास टाकण्याआधी फक्त १३ वेळा पाडता आले.

अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या संघाने अगदी साधा विचार केला: हे धावणार नाहीत. मग धाव अडवणारी माणसे मैदानात ठेवायची कशाला? लाइनबॅकर कमी केले, पास अडवणारे बचावपटू वाढवले आणि मरिनोवर चाल करण्याचे काम पुढच्या चौघांवर सोपवले. पहिल्या पावणीअखेर मायामी १०-७ अशी पुढे होती. मध्यंतराला ती २८-१६ अशी मागे होती. मरिनोला त्या एका सामन्यात ४ वेळा पाडण्यात आले. मायामीने संपूर्ण सामन्यात ९ वेळा धावण्याचा प्रयत्न केला आणि एकूण २५ यार्ड मिळवले. सॅन फ्रान्सिस्कोने २११.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मागे पडलेल्या संघाला पास करावेच लागतात. पुढे असलेला संघ शेवटी धावत राहतो, कारण अपुरा पास घड्याळ थांबवतो आणि धाव घड्याळ चालू ठेवते. म्हणून ‘जो अधिक धावतो तो जिंकतो’ हे सूत्र अनेकदा कार्यकारणाची अदलाबदल असते. संघ धावला म्हणून जिंकला असे नसून जिंकत होता म्हणून धावला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही सावधगिरी बाळगलीच पाहिजे. शिवाय सरासरी काढली तर एका धावेतून साधारण चार यार्ड मिळतात आणि पासमधून त्याहून बरेच जास्त. अलीकडचे आकडेतज्ज्ञ हे वारंवार सांगतात आणि त्यांचे गणित चूक नाही.

मात्र माझा मुद्दा सरासरीचा नाहीच. धावण्याचे मोल त्या चार यार्डांत मोजले की हातून निसटते. समोरच्या बचावाला प्रत्येक डाउनला दोन शक्यतांचा विचार करावा लागतो, यात ते मोल आहे. दुसरी शक्यता पुसून टाकली की पहिल्या शक्यतेची किंमतही उतरते, मग ती अमलात आणणारा मरिनो का असेना. स्टॅनफर्डला वॉल्श यांना एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते. शुलांना मात्र दोन प्रश्नांना तोंड द्यावे लागले.

मरिनो पुन्हा कधीही सुपर बोल खेळला नाही. तो १७ मोसम खेळला. त्या १७ मोसमांत मायामीच्या एकाच धावपटूने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, १९९६ मध्ये करीम अब्दुल-जब्बारने. (बास्केटबॉलमधला तो प्रसिद्ध करीम वेगळा, हे सांगून ठेवलेले बरे.) ज्या शुलांनी झॉन्काचा संघ घडवला त्यांनाच अशी फळी पुन्हा उभी करता आली नाही. की तशी निकडच भासली नाही? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. रविवारमागून रविवार एक माणूस सामना ओढून नेत असेल, तर पाया ढासळतो आहे हे कळायला वेळ लागतो.

हे एकाच शहराचे दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण ज्या १९८३ च्या ड्राफ्टमध्ये मरिनो सत्ताविसावा निवडला गेला, त्याच ड्राफ्टमधला पहिला खेळाडू होता जॉन एल्वे. (ड्राफ्ट म्हणजे महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड.) बाल्टिमोरने निवडलेला एल्वे तिथे खेळायला तयार नव्हता, म्हणून देवाणघेवाण होऊन तो डेन्व्हर ब्रॉन्कोसकडे आला. त्याचे पुढचे पंधरा मोसम म्हणजे या वादातील सर्वांत बोलका पुरावा आहे.

एल्वेची कीर्ती ११ जानेवारी १९८७ रोजी क्लीव्हलँडमध्ये पक्की झाली. डेन्व्हर सात गुणांनी मागे, पाच मिनिटे ३२ सेकंद शिल्लक, पुढे ९८ यार्डांचे मैदान. पंधरा डावांत त्याने संघाला पार नेले, बरोबरी साधली आणि जादा वेळेत डेन्व्हर २३-२० असे जिंकले. अमेरिकेत त्या चढाईला नुसते ‘द ड्राइव्ह’ म्हणतात. कोणती ते सांगावे लागत नाही. ते दृश्य विलक्षणच आहे. पण दोन आठवड्यांनी काय घडले ते किती जण सांगतात? न्यू यॉर्क जायंट्सने सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ३९-२० असे हरवले, आणि त्या दिवशी डेन्व्हरचा सर्वाधिक धावलेला खेळाडू कोण होता? स्वतः एल्वे, २७ यार्ड. सेनापतीच पायदळात उतरून लढत होता.

त्यानंतर ३१ जानेवारी १९८८. डेन्व्हर १०-० असे पुढे होते. दुसऱ्या पावणीत वॉशिंग्टनने ३५ गुण केले आणि सामना ४२-१० असा संपला. डग विल्यम्स हा सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. ती स्वतंत्र धाग्याची गोष्ट आहे. येथे मला दुसऱ्याच एका नावाकडे बोट दाखवायचे आहे. टिमी स्मिथ नावाच्या नवख्या धावपटूने त्या सामन्यात २०४ यार्ड काढले, सुपर बोलचा विक्रम. त्या वर्षीच्या संपूर्ण नियमित मोसमात त्याचे एकूण १२६ यार्ड होते. त्यानंतर तो फारसा कुणाच्या आठवणीत उरला नाही. मग ते २०४ यार्ड आले कुठून? ‘हॉग्ज’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वॉशिंग्टनच्या पुढच्या फळीतून. त्या दिवशी फळीने वाट इतकी रुंद केली होती की कोणीतरी तिच्यातून धावणे एवढेच बाकी होते.

१९९० च्या जानेवारीत तिसरा पराभव, सॅन फ्रान्सिस्कोकडून ५५-१०. आजही सुपर बोलमधील हा सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव आहे. येथे माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या मोसमात डेन्व्हरच्या बॉबी हम्फ्रीने हजारांहून अधिक यार्ड काढले होते. तेव्हा ‘हजार यार्डांचा धावपटू आणा आणि करंडक न्या’ इतके हे सोपे नाही. धावपटू असणे निराळे आणि धावण्यावर संघाची रचना बेतलेली असणे निराळे.

ती रचना घेऊन आले माइक शॅनहान. १९९५ मध्ये ते डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढच्या फळीची जबाबदारी ॲलेक्स गिब्ज यांच्याकडे आली. गिब्ज यांची पद्धत झोन ब्लॉकिंग म्हणून ओळखली जाते. सांगायला सोपी, घोटायला कठीण. फळीतील प्रत्येकाने ठरावीक माणूस न धरता एका दिशेने एकत्र सरकायचे आणि आपल्या पट्ट्यात जो येईल त्याला रेटायचे. धावपटूने फळीबरोबर आडवे जायचे, फट दिसली की एकदाच वळायचे आणि मागे न पाहता घुसायचे. नाचायचे नाही, हुलकावण्या द्यायच्या नाहीत. त्यासाठी गिब्ज यांना महाकाय माणसे नको होती. चपळ आणि एकमेकांच्या पावलांत पाऊल टाकणारी माणसे हवी होती. गॅरी झिमरमन, मार्क श्लेरेथ, टॉम नेलन, ब्रायन हबीब, टोनी जोन्स ही १९९७ च्या फळीची नावे. वार्ताहरांशी न बोलण्याबद्दल ही फळी प्रसिद्ध होती. वर जे म्हटले की इतिहासात ही माणसे नसतात, त्यात त्यांचा स्वतःचाही थोडा हात होता तर!

त्यांच्यामागून धावायला आला टेरेल डेव्हिस. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये १९६ वा, सहाव्या फेरीतला. एवढ्या खालून आलेल्या खेळाडूला संघात जागा मिळेलच याची खात्री नसते. टोकियोत झालेल्या एका सराव सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला असे काही जोरदार पाडले की प्रशिक्षकांचे लक्ष गेले. पहिल्या मोसमात १११७ यार्ड, दुसऱ्यात १५३८, तिसऱ्यात १७५०, चौथ्यात २००८.

२५ जानेवारी १९९८, सॅन डिएगो. समोर गतविजेते ग्रीन बे पॅकर्स. डेन्व्हरच्या विजयाची आशा थोड्यांनाच. पहिल्या पावणीत डेव्हिसच्या डोक्याला मार बसला आणि त्याची जुनी अर्धशिशी उसळली. डोळ्यांपुढे अंधारी. डेन्व्हर गोलरेषेपासून एका यार्डावर होते. शॅनहान यांनी त्याला तरीही मैदानात पाठवले. चेंडू त्याला मिळणारच नव्हता, पण तो तिथे नसता तर धावेचा देखावा कोणी खरा मानला नसता. डाव सुरू झाला, एल्वेने चेंडू डेव्हिसकडे दिल्याचा अभिनय केला, ग्रीन बेचा बचाव त्या नीट दिसतही नसलेल्या माणसावर तुटून पडला आणि एल्वे बाजूने निवांत आत शिरला. टचडाउन. धावण्याच्या खेळाचे मोल यार्डांत का मोजू नये, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. त्या डावात डेव्हिसच्या नावे शून्य यार्ड आहेत.

दुसऱ्या पावणीचा उरलेला भाग डेव्हिस बाहेर होता. उत्तरार्धात परतला. सामना संपला तेव्हा ३० धावा, १५७ यार्ड, ३ टचडाउन, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. डेन्व्हर ३१-२४. एल्वेचे आकडे: २२ पैकी १२ पास पूर्ण, १२३ यार्ड, टचडाउन पास एकही नाही, एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या विजयाच्या दिवशी त्याची आकडेवारी इतकी साधी होती. करंडक हाती आल्यावर संघाचे मालक पॅट बोलेन यांनी तो उंचावून जॉनला अर्पण केला.

तो क्षण भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. पंधरा वर्षे एकट्याने ओझे वाहिलेल्या माणसाविषयी कृतज्ञता वाटणारच. पण इतिहास म्हणून तो विधी मला खटकतो, कारण त्या एका वाक्याने पुढची पाव शतके सामन्याची गोष्टच बदलली. आज तो सामना म्हटला की एल्वेची तिसऱ्या पावणीतील उडी दाखवतात: तीन बचावपटूंत झेप घेऊन हवेत गरगरत पडलेला ३७ वर्षांचा एल्वे. शूर क्षण, वादच नाही. पण एल्वेचा खरा मोठेपणा मला दुसरीकडे दिसतो. आयुष्यभर शेवटच्या क्षणी सामना आपल्या खांद्यावर घेण्याची सवय असलेल्या माणसाने त्या दिवशी तीसदा चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला. तो दृश्यपट कोणी दाखवत नाही. चेंडू देण्यात दाखवण्यासारखे काय असते?

पुढचे दोन मोसम म्हणजे जणू मुद्दाम मांडलेला प्रयोग. १९९८ मध्ये एल्वे जखमी असताना बबी ब्रिस्टरने आरंभापासून चार सामने खेळवले. चारही जिंकले. संघाने मोसमाची सुरुवात सलग १३ विजयांनी केली. १९७२ चा मोरॉल आठवावा. त्या मोसमाचा सुपर बोल डेन्व्हरने अटलांटाविरुद्ध ३४-१९ असा जिंकला आणि गंमत पाहा: अटलांटाने डेव्हिसला अडवण्याचा चंग बांधला म्हणून पासची वाट मोकळी झाली, एल्वेने ३३६ यार्ड काढले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. धावेने पासचे पांग फेडले म्हणा, किंवा पासने धावेचे.

१९९९ मध्ये एल्वे निवृत्त झाला. चौथ्याच सामन्यात डेव्हिसचा गुडघा गेला. त्याच्या जागी आलेल्या ओलँडिस गॅरीने ११५९ यार्ड काढले. त्यापुढच्या वर्षी माइक अँडरसनने १४८७. दोघेही ड्राफ्टच्या मागच्या फेऱ्यांतून आलेले. गिब्ज यांची फळी धावपटू बदलला तरी चालत राहिली, हे सिद्ध झाले. पण १९९९ चा डेन्व्हर संघ ६ सामने जिंकला आणि १० हरला. त्याचा क्वार्टरबॅक होता ब्रायन ग्रीसी, सात पासांच्या त्या बॉब ग्रीसीचा मुलगा. म्हणजे नुसती धावही पुरत नाही. क्वार्टरबॅक अनावश्यक आहे असे मी म्हणत नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले असावे. एकखांबी तंबूचा खांब बदलल्याने तो बहुखांबी होत नाही.

याच संदर्भात बॅरी सँडर्सचा विचार करावा. डेट्रॉइटचा हा धावपटू अनेकांच्या मते इतिहासातील सर्वांत मोहक. १९९७ मध्ये त्याने २०५३ यार्ड काढले. दहा मोसमांत बाद फेरीचा एकच सामना जिंकला, १९९२ च्या जानेवारीत डॅलसविरुद्ध ३८-६, आणि त्या दिवशी सामना खेचून आणणारी गोष्ट पासची होती. मरिनो आणि सँडर्स एकाच संघात असते तर, असा प्रश्न मित्रांच्या गप्पांत हमखास निघतो. इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, पण गप्पांत आहे.

आता उत्तरकथा. २०११ मध्ये एल्वे डेन्व्हरचा कार्यकारी प्रमुख म्हणून परतला. २०१२ मध्ये त्याने पेटन मॅनिंगला आणले. २०१३ च्या मोसमात मॅनिंगने ५५ टचडाउन पास टाकले आणि संघाने ६०६ गुण केले, दोन्ही विक्रम. सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलने त्यांना ४३-८ असे चिरडले. डेन्व्हर त्या सामन्यात धावले २७ यार्ड. १९८७ च्या जानेवारीत २७ यार्डांवर आघाडीचा धावपटू ठरलेला माणूस आता वरच्या मजल्यावरच्या काचेआडून तोच आकडा पाहत होता.

त्याने पुढे काय केले ते महत्त्वाचे. बचावफळीत डीमार्कस वेअरसारखी माणसे आणली. २०१५ मध्ये गॅरी क्युबियाकला मुख्य प्रशिक्षक नेमले, जो एकेकाळी एल्वेचाच राखीव क्वार्टरबॅक होता आणि शॅनहान यांच्या हाताखाली ती धावण्याची पद्धत शिकलेला होता. मॅनिंगचा तो सर्वांत वाईट मोसम: ९ टचडाउन, १७ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती, मध्ये दुखापत. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० असे हरवून सुपर बोल जिंकला. मॅनिंगचे यार्ड १४१. यात धावेहून बचावाचा वाटा मोठा होता हे मान्य. पण तंबूला दुसरे खांब हवेत, हे ज्याने स्वतः खांब होऊन अनुभवले होते त्यानेच ते उभारले.

आजचे वाचक म्हणतील, पॅट्रिक महोम्सने तीन करंडक जिंकून हा वाद निकालात काढला आहे. महोम्स असामान्य आहेच. परंतु ९ फेब्रुवारी २०२५ चा सामना पाहावा. फिलाडेल्फियाने जादा माणसे न पाठवता, पुढच्या चौघांच्या बळावर त्याला ६ वेळा पाडले आणि ४०-२२ असे जिंकले. चाळीस वर्षांपूर्वी स्टॅनफर्डला मरिनोवर चाललेली युक्ती जवळजवळ तीच होती. त्याच सामन्यात फिलाडेल्फियाच्या सेक्वॉन बार्कलीने, ज्याने त्या मोसमात २००५ यार्ड काढले होते, २५ धावांत केवळ ५७ यार्ड मिळवले. कन्सासच्या बचावाने त्याला अडवले, आणि त्याला अडवताना जेलन हर्ट्सला पास टाकायला मैदान मोकळे दिले.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला, आणि समतोलाची भलामण करणारे ती सहसा टाळतात. या समतोलाची किंमत कोणीतरी शरीराने चुकवतो. बाद फेरी धरून डेव्हिसने १९९७ मध्ये ४८१ वेळा आणि १९९८ मध्ये ४७० वेळा चेंडू घेतला. म्हणजे दोन वर्षांत साडेनऊशेहून अधिक वेळा त्याने स्वतःला त्या गर्दीत झोकून दिले. १९९९ च्या दुखापतीनंतर तो पूर्वीसारखा कधीच धावला नाही. एल्वे ३८ व्या वर्षी निवृत्त झाला, डेव्हिसचा शेवटचा मोसम त्याच्या वयाच्या २९ व्या वर्षी संपला. नियमित मोसमाचे एकूण ७८ सामने.

एल्वे २००४ मध्ये, पात्र होताच, हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेव्हिसच्या नावाचा विचार २००७ पासून होऊ लागला आणि दरवर्षी आक्षेप तोच: कारकीर्द फार लहान. त्याची निवड २०१७ मध्ये झाली. फळीचा मध्यबिंदू असलेला टॉम नेलन हे लिहीपर्यंत बाहेरच आहे.